‘वेद’ आणि ‘वाइस’: एकाच चुकीच्या दोन उत्तरपत्रिका

मध्यंतरी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता: ‘जर्मन भाषा संस्कृतातूनच निघाली.’ पुरावा काय, तर दहाबारा सारखे वाटणारे शब्द. खाली काकांचा प्रश्न: “तू यातच पीएचडी करतेस ना? खरं आहे का गं?” उत्तर दोन ओळींत बसेना, म्हणून ही पोस्ट. एकच क्रियापद घेऊन बघू.

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश वगैरे भाषांच्या सामायिक पूर्वज भाषेला आदिजर्मानिक म्हणतात. तिच्यात ‘जाणणे’ या अर्थाचं क्रियापद होतं: *विटनँ. समोरची चांदणी सांगते की हा शब्द लिहिलेला सापडलेला नाही, वंशजांची तुलना करून तो मांडलाय. वंशज कोण? जर्मन ‘विसन’, डच ‘वेटन’, स्वीडिश ‘वेटा’. इंग्रजीत क्रियापद जवळपास मेलं, पण ‘विट’ आणि ‘विटनेस’ ही त्याच कुळातली.

संस्कृत ‘विद्’ याच नात्यातलं. ‘द’च्या जागी ‘ट’ कसा? दश–टेन, द्वि–टू या जोड्या बघा. हा बदल नियमित आहे. याकोब ग्रिमने तो 1822 मध्ये मांडला. जर्मनमध्ये पुढे ‘ट’चाही ‘स’ झाला, जसं इंग्रजी ‘वॉटर’ आणि जर्मन ‘वासर’.

पण खरा पुरावा या क्रियापदाच्या विचित्रपणात आहे. संस्कृतात पूर्णभूतकाळाचं रूप करताना सहसा पहिलं अक्षर दुप्पट होतं: कृ–चकार, दृश्–ददर्श. ‘विद्’चं मात्र नुसतंच ‘वेद’, आणि अर्थ चक्क वर्तमानाचा: ‘जाणतो’. पाणिनीलाही त्यासाठी वेगळा नियम करावा लागला. आता जर्मन बघा. ‘मी जाणतो’ला ‘वाइस’ आणि ‘तो जाणतो’लाही ‘वाइस’, कारण तेही मुळात भूतकाळाचंच रूप. संस्कृतातही दोन्हीकडे ‘वेद’. अनेकवचनात स्वर बदलतो: वेद–विद्म, वाइस–विसन. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्येही तसंच: वैट–विटुम.

असं का? मूळ धातूचा अर्थ ‘पाहणे’. लॅटिनमध्ये तो तसाच राहिला, आपला ‘व्हिडिओ’ तिथूनच आला. ज्याने पाहिलंय, त्याला ते आता माहीत आहे! म्हणून रूप भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा. जर्मानिक भाषांत अशी आणखीही क्रियापदं आहेत. शाळेत ‘ही कॅन्स’ लिहिल्यावर लाल रेघ का यायची, त्याचं मूळ इथे आहे: ‘कॅन’सुद्धा असंच जुनं भूतकाळाचं रूप.

सारखे शब्द योगायोगानेही सापडतात. पण दोन उत्तरपत्रिकांत एकाच जागी एकच चूक दिसली, तर परीक्षक काय समजतो? मग कोणी कोणाची कॉपी केली? इथे ग्रीक साक्षीला येते. तिच्यात हेच रूप ‘ओइदा’ आहे. मूळच्या ‘अ’, ‘ए’, ‘ओ’ या तीन ऱ्हस्व स्वरांचा संस्कृतात एकच ‘अ’ झाला. ग्रीकने ते वेगळे जपले. एकत्र मिसळलेले स्वर नंतर अचूक वेगळे कसे काढणार? म्हणजे संस्कृत ही मूळ उत्तरपत्रिका नाही. तीही त्याच हरवलेल्या आईची लेक, जर्मानिकची आणि ग्रीकची बहीण.

काकांना हे पाठवलं. “म्हणजे फॉरवर्ड खोटा?” नातं खरं, वंशावळ चुकीची. पीएचडीला आपण ‘विद्यावाचस्पती’ म्हणतो आणि जर्मन लोक विज्ञानाला ‘विसनशाफ्ट’. दोन्हीत तोच धातू आहे. एवढं नातं मला पुरेसं वाटतं.