वस्तऱ्याचा पट्टा आणि त्याची निगा

वस्तऱ्याला धार लावणे आणि वस्तरा परजणे ही दोन वेगळी कामे आहेत. धार निसण्यावर लावतात. तिथे पोलाद झिजते आणि नवी कड निघते. घरच्या वापरात काही महिन्यांतून एकदा हे पुरते. परजायचे मात्र दर दाढीच्या आधी, चामड्याच्या पट्ट्यावर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तर चांगल्या वस्तऱ्याची कड एका मायक्रॉनहूनही पातळ. दाढीचे राठ केस कापताना ती ठिकठिकाणी किंचित वळते. पट्ट्यावरून पाते ओढले की वळलेली कड सरळ होते आणि तिला झिलई येते. कोरे चामडे पोलाद जवळजवळ झिजवत नाही. पण पट्टा खडबडीत, चिरलेला किंवा धुळीने माखलेला असेल, तर ते दोष थेट धारेत उतरतात.

टांगायचा पट्टा दोन ते तीन इंच रुंद असतो. एका टोकाला अडकवायची कडी आणि दुसऱ्या टोकाला धरायची मूठ असते. बहुतेक पट्ट्यांना चामड्याच्या मागे सुती किंवा तागाच्या जाड कापडाची दुसरी पट्टी जोडलेली असते. चामडे बहुधा गाईचे किंवा घोड्याचे, आणि वनस्पतींच्या सालींनी कमावलेले असते. भारतात अशा कमावणीसाठी बाभळीची आणि तरवडाची साल, तसेच हिरडा वापरत आले आहेत. घोड्याच्या पुठ्ठ्याखालच्या घट्ट थरापासून केलेले ‘शेल कॉर्डोव्हन’ सर्वांत गुळगुळीत मानले जाते. शिकागोच्या हॉरविन कारखान्यात ते कमावायला किमान सहा महिने लागतात.

रोजच्या निगेसाठी तळहात पुरतो. परजण्याआधी स्वच्छ, कोरडा तळहात पट्ट्यावरून लांबवर दहा-बारा वेळा दाबून फिरवावा. धूळ निघते, चामडे कोमट होते आणि त्वचेतला थोडासा तेलकटपणा त्यात मुरतो. नवा पट्टा कडक असला तर सपाट पाटावर ठेवून त्यावरून काचेची गुळगुळीत बाटली दाबून लाटावी. चांगल्या पट्ट्यावर पाते ना अडखळते, ना निसटते. हाताला हलकी ओढ जाणवते.

पट्ट्याचे बहुतेक नुकसान परजतानाच होते. पात्याची धार आणि पाठ दोन्ही पट्ट्याला टेकलेली ठेवून, पाठ पुढे आणि धार मागे अशा बेताने ओढावे. टोकाला पोचल्यावर पाते पाठीवरच कलते करून उलटवावे. धारेवर उलटवले, तर तीच धार चामड्यात रुतते. नवशिक्यांच्या पट्ट्यांवरच्या आडव्या चिरा अशाच पडतात. पट्टा ताणून धरावा, कारण सैल पट्टा धारेभोवती वळून तिला गोलवा आणतो. जोरही देऊ नये. पात्याचे वजन पुरते. आधी कापडावर वीस-तीस, मग चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या पुरतात. सुरुवातीला वेग कमी असलेलाच बरा. वस्तरा पूर्ण कोरडा करूनच पट्ट्याला लावावा; साबणाचा किंवा पाण्याचा अंश चामडे डागाळतो आणि ताठ करतो.

तेलाच्या बाबतीत हात आखडताच हवा. चामडे खरोखर कोरडे पडून चकचकीत, निसरडे झाले असेल, तरच गुरांच्या पायांपासून आणि नळीच्या हाडांपासून काढलेल्या ‘नीट्सफूट’ तेलाचे दोन-चार थेंब बोटाने चोळून रात्रभर मुरू द्यावेत. वर्षातून एक-दोन वेळा एवढे पुष्कळ. जास्त तेलाने चामडे फुगते, मऊ पडते, आणि मुरलेले तेल परत काढता येत नाही. बुटाचे पॉलिश मुळीच लावू नये. त्यातले मेण आणि रंग पृष्ठभागावर साचतात.

क्रोमियम ऑक्साइडची हिरवी किंवा लोह ऑक्साइडची लाल पेस्ट पोलाद घासते. धार थोडी बोथट झाली की तिचा उपयोग होतो, पण त्यासाठी वेगळा पट्टा ठेवावा. नेहमीच्या चामड्याला पेस्ट एकदा लागली की ती पूर्णपणे निघत नाही, आणि दर वेळी धार नकळत झिजत राहते. कापडाची पट्टी मळली, तर सोडवून सौम्य साबणाने धुऊन सपाट वाळवता येते. चामडे मात्र धुऊ नये.

चीर पडलीच, तर तिचे ओठ वर आले आहेत का हे बोट फिरवून पाहावे. खाली दबलेली बारीक खूण धारेला त्रास देत नाही. वर आलेला पापुद्रा पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवावा, आणि वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने सपाट करावा. पट्ट्याच्या मधोमध खोल चीर असेल, तर चामडे बदलणेच योग्य.

ठेवताना पट्टा सरळ टांगावा. घडी घातली की कायमची मोड पडते. न्हाणीघराची वाफ आणि खिडकीतले ऊन दोन्ही त्याला वाईट. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने पुसून पट्टा सावलीत, वाऱ्याला टांगावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कधीही बांधून ठेवू नये. आतला ओलावा अडकून बुरशी वाढते.