घरच्या राउटरची दुसरी किल्ली

ज्या घरांत इंटरनेटची सोय आहे, त्या घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत अगर कपाटाच्या माथ्यावर राउटर नांवाची एक लहानशी पेटी लुकलुकत असते. तिची आठवण घरच्या मंडळींस दोनच प्रसंगीं होते. एक, ती बंद पडली म्हणजे, आणि दुसरा, पाहुणे येऊन टेकतांच "वाय-फायचा पासवर्ड काय?" असें विचारूं लागले म्हणजे. हा पासवर्ड पोरासोरांसहि तोंडपाठ असतो. परंतु या पेटीस आणखी एक पासवर्ड असतो. तो कोणापाशीं आहे असें विचारलें असतां बहुतेक घरांत सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. त्या दुसऱ्या पासवर्डाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रवेश आणि अधिकार या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. पहिल्या पासवर्डानें प्रवेश मिळतो; दुसऱ्यानें अधिकार मिळतो. ज्याच्या हातीं दुसरा आहे, त्यास पहिला बदलतां येतो, कोणकोणतीं यंत्रें जोडलेलीं आहेत हें पाहतां येतें, आणि घरांतील सर्व फोन व संगणक यांनीं कोणाच्या सांगण्यावरून वाट शोधावी हेंहि ठरवितां येतें. ज्या घरांत पेन्शन, बँकेचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास हीं सर्व एकाच पेटींतून चालतात, तेथें हा अधिकार बेवारशी पडूं देणें बरें नव्हे.

अधिकाराच्या या दालनाचें दार उघडावयाचें तें एका आंकडी पत्त्यानें. पुष्कळ राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. सर्व घरांत एकच पत्ता कसा, अशी शंका येईल. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका नियमपत्रान्वयें कांहीं आंकडे खासगी वापराकरितां राखून ठेवण्यांत आले, १९२.१६८ नें आरंभ होणारे सर्व पत्ते त्यांपैकींच होत. ते घराबाहेर चालत नाहींत. "देवघरांतून समई आण" असें सांगितलें असतां मूल शेजाऱ्याच्या देवघराकडे धांवत नाहीं. तद्वत् हा पत्ता ज्या घरांत उच्चारावा, त्याच घरच्या पेटीस लागू पडतो.

आपल्या पेटीचा पत्ता कोणता, हें बहुधा तिच्या बुडाशीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर छापलेलें असतें. चिठ्ठी पुसट झाली असल्यास आयफोनच्या वाय-फायच्या सेटिंग्जमध्यें 'राउटर' या शब्दापुढें, आणि अँड्रॉइड फोनमध्यें बहुधा 'गेटवे' या शब्दापुढें तो सांपडतो. फोन घरच्याच वाय-फायला जोडलेला असावा, आणि मोबाइल डेटा त्या वेळेपुरता बंद ठेवावा. नाहींतर फोन बाहेरची वाट धरूं पाहतो व पान उघडत नाहीं. मग ब्राउझरच्या माथ्यावरील पत्त्याच्या पट्टींत ते आंकडे, मधल्या टिंबांसह, इंग्रजी कळफलकानें टंकावे. जोडणी सुरक्षित नसल्याची सूचना कांहीं ब्राउझर देतात. पत्ता बरोबर टंकला असून आपण घरच्याच जाळ्यावर असूं, तर तिनें गडबडून जाण्याचें कारण नाहीं. घरगुती पत्त्यास बाहेरच्या संस्थेचें प्रमाणपत्र सहसा नसतें, इतकाच तिचा अर्थ.

यानंतर नांव व पासवर्ड विचारणारें पान येतें. तेहि त्याच चिठ्ठीवर असतात. जुन्या पेट्यांत बहुधा दोन्ही ठिकाणीं 'ॲडमिन' हाच शब्द चालतो. आणि सर्व अनर्थाचें मूळ तेथेंच आहे. एकाच सांच्याच्या हजारों पेट्यांना एकच किल्ली बसत असेल, तर त्या किल्लीस किल्ली तरी कां म्हणावें?

२०१६ सालीं 'मिराई' नांवाचा एक घातक प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. त्याची युक्ति अगदीं साधी होती. कारखान्यांतून निघतांना यंत्रांस दिलेल्या नांवांच्या व पासवर्डांच्या साठाहून अधिक जोड्या त्याच्यापाशीं होत्या. दारोदार फिरून तो त्या लावून पाही. ज्या कॅमेऱ्यांचे व राउटरांचे पासवर्ड मालकांनीं बदलले नव्हते, तीं यंत्रें मालकांच्या नकळत त्याचे चाकर बनलीं. त्या वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं अशा यंत्रांच्या फौजेनें 'डाइन' नांवाच्या अमेरिकन कंपनीवर हल्ला केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं स्थळें अनेकांस कांहीं तास दुर्लभ झालीं. ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून, सर्वांस एकच अथवा सहज तर्क करतां येईल असा पासवर्ड घालून घरगुती यंत्रें विकण्यास कायद्यानें बंदी आहे.

ब्राझील देशांतील उदाहरण याहून घराजवळचें वाटेल. तेथें २०११ सालापासून सुमारें ४५ लाख मोडेमांच्या अंगच्या एका दोषाचा फायदा घेऊन चोरांनीं त्यांतील 'डी.एन.एस.' हा तपशील बदलला. संकेतस्थळाच्या नांवावरून त्याचा आंकडी पत्ता सांगणारा जो वाटाड्या, तो डी.एन.एस. वाटाड्याच फितूर झाल्यावर माणूस स्पेलिंग अचूक लिहूनहि भलत्याच दारांत जावयाचा! तेथील लोकांपुढें ओळखीच्या स्थळांचीं बनावट पानें आलीं.

तेव्हां आंत प्रवेश मिळाल्यावर कांहीं कामें क्रमानें उरकावीं. प्रथम ॲडमिनचा पासवर्ड बदलावा. तो लांब असावा, आणि वाय-फायच्या पासवर्डाहून निराळा असावा. मग वाय-फायची सुरक्षा डब्ल्यू.पी.ए.-२ किंवा डब्ल्यू.पी.ए.-३ या पद्धतीची आहे ना, हें पाहावें. बाहेरून राउटर चालविण्याची सोय, जिला 'रिमोट मॅनेजमेंट' म्हणतात, ती चालू असल्यास बंद करावी. मात्र सेवा पुरविणारी कंपनी दुरुस्तीकरितां तिचा उपयोग करीत असेल, तर आधीं कंपनीस विचारावें. पेटीच्या अंतरंगांतील प्रोग्राम, म्हणजे 'फर्मवेअर', याची नवी आवृत्ति निघाली असल्यास घ्यावी. पाहुण्यांसाठीं 'गेस्ट नेटवर्क' असेल तर तें चालू करावें, म्हणजे आतिथ्यहि होतें आणि घरच्या संगणकांपर्यंत कोणाचा हात पोंचत नाहीं. शेवटीं 'लॉग-आउट' करूनच बाहेर पडावें. जे शब्द कळत नाहींत, त्यांस हात लावूं नये.

पासवर्ड कोणासच ठाऊक नसला, तर पेटीच्या पाठीमागील बारीक भोकांत टांचणी घालून सुमारें दहा सेकंद दाबली असतां बहुतेक पेट्या मूळ स्थितीस येतात. परंतु हें साहस उतावीळपणें करूं नये. कंपनीनें दिलेला जोडणीचा तपशीलहि त्यायोगें पुसला जाऊं शकतो, आणि मग सारें घर इंटरनेटवांचून बसतें. आधीं कंपनीस फोन करून तो तपशील कागदावर उतरून घ्यावा.

आतां प्रश्न राहिला तो ही किल्ली कोणाच्या हातीं असावी याचा. सामान्यतः घरांतील एखादा हुषार पुतण्या अगर भाचा पेटी बसवून देतो, पासवर्ड स्वतःच्या फोनांत ठेवतो, आणि नोकरीनिमित्त बंगलोरास किंवा परदेशीं निघून जातो. त्याचा हेतु चांगलाच असतो; परंतु मागें राहिलेल्या वडील मंडळींचें घर तेवढ्यापुरतें परस्वाधीन होतें. आमच्या मतें ही किल्ली घरांतील दोघांस तरी माहीत असावी, आणि त्यांपैकीं एक घरची गृहिणी किंवा सूनबाई असावी. कारण दुपारीं पेटी बंद पडते तेव्हां घरांत बहुधा त्याच असतात. पासवर्ड, पेटीचा पत्ता, कंपनीचा ग्राहक क्रमांक व बदल केल्याची तारीख अशा चार ओळी एका वहींत लिहून, ती वही घराच्या खरेदीखताशेजारीं ठेवावी. कागदावर लिहिलेला पासवर्ड असुरक्षित, असें कांहीं तरुण म्हणतील. परंतु दूरदेशींच्या चोरास आमच्या कपाटांतील वही वाचतां येत नाहीं. 'ॲडमिन' हा शब्द मात्र त्यास पाठ आहे. येत्या रविवारीं घरांतील थोरामोठ्यांनीं व मुलांनीं एकत्र बसून हें काम करावें; अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्यास सहसा लागणार नाहीं.