आजोबांची पलटण

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचं नाव लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच घेतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभं राहिलं. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातली टाकळी ‘सैनिक टाकळी’ म्हणून ओळखली जाते. अशा गावांत आजोबा फौजेत होते याचं कुणाला नवल वाटत नाही. पणजोबाही होते, चुलत आजोबाही होते. भिंतीवर गणवेशातला फोटो असतो, माळ्यावर काळी ट्रंक असते, ट्रंकेत पदकं आणि डिस्चार्ज बुक. नातवंडांना आजोबांची पहाटेची दाढी आठवते, कडक इस्त्री आठवते, पेन्शनच्या दिवशी आणलेला खाऊ आठवतो. ते कुठल्या लढाईत होते, असं विचारलं की मात्र उत्तर बहुधा दोन शब्दांत आटोपतं : ‘बसऱ्याला होते’, ‘इटलीत होते’.

त्या दोन शब्दांमागे काय काय दडलेलं असतं, ते एकाच पलटणीचा माग काढला तरी उमगतं.

१७६८मध्ये उभी राहिलेली ‘जंगी पलटण’ पहिल्या महायुद्धाच्या वेळी १०३वी मराठा लाईट इन्फन्ट्री म्हणून ओळखली जात होती. मुंबई बंदरातून निघून इराकमधल्या बसऱ्यापर्यंत पोचलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ती तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकली आणि डिसेंबर १९१५मध्ये कुत या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणीही तिथेच होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शिधा संपत आला तेव्हा घोडे कापले गेले. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस खायला बराच काळ नकार दिला, कित्येकांना स्कर्व्हीने पोखरलं. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि हजारो शिपाई कैदी म्हणून वाळवंटातून पायी हाकले गेले. ‘बसऱ्याला होते’ या वाक्यात हे सगळं असू शकतं.

पुढच्या पिढीत हीच पलटण इटलीत दिसते. ९ एप्रिल १९४५. सेनिओ नदीच्या उंच बांधावर जर्मन मशीनगन बसलेल्या. संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या, होते. हल्ला करणारी छोटी तुकडी जवळजवळ गारद झाली. नामदेवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढणीच्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोचवलं आणि पुन्हा पुढे जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या गप्प केल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालवता येईना, तेव्हा त्यांनी हातबॉम्ब वापरले. मग बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते सुखरूप परतले आणि १९८४पर्यंत जगले.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांच्या वाट्याला ते आयुष्य आलं नाही. मराठा लाईट इन्फन्ट्रीच्याच तिसऱ्या बटालियनमधल्या या तरुणाच्या सेक्शनमधले सगळे साथीदार १० जुलै १९४४ला तिबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात पडले. त्यांनी एकट्याने ती चौकी जिंकली आणि लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, आणि मोंतोने या इटालियन गावाने २०२३मध्ये त्यांच्या नावाने एक छायायंत्र उभारलं. घाडगे बाविसाव्या वर्षी गेले. त्यांना आजोबा होता आलं नाही.

घरातल्या कागदांवरून हा इतिहास जुळवताना खरी अडचण येते ती नावांची. १९२२च्या पुनर्रचनेत १०३वी पलटण पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, ११०वी तिसरी झाली. हीच तिसरी स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली. म्हणजे पणजोबांच्या कागदावर एक नाव, आजोबांच्या कागदावर दुसरं, आणि नातू भरती झाला तर तिसरं. पलटण मात्र एकच. म्हणून शोध सुरू करताना हाती हवा तो सैनिकाचा नंबर आणि भरतीचं वर्ष.

काही घरांत तर फौजी नोकरीची साखळीच तोडली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी सकपाळ कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि वडील रामजी सुभेदार. पण १८९०च्या दशकात इंग्रजांनी महार शिपायांची भरती बंद केली. १९१७मध्ये गरज पडली तेव्हा १११वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१मध्ये ती मोडूनही टाकली. महार रेजिमेंट बेळगावात उभी राहिली ती १९४१मध्ये, आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर. ज्या घरात आजोबांच्या आणि नातवाच्या नोकरीत अशी मोकळी वर्षं दिसतात, तिथे त्या पोकळीमागे सरकारी धोरण होतं. कुणाचा कमकुवतपणा नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक लढले. त्यांच्या तोंडून ऐकण्याची वेळ आता जवळजवळ निघून गेली आहे. १९७१च्या युद्धातली पिढी मात्र अजून आहे. त्या डिसेंबरात जंगी पलटण पूर्व आघाडीवर, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या मागे रस्ता अडवून बसली होती. भारतीय ब्रिगेडियर हरदित सिंग क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र पाठवलं, तर पाकिस्तानी कमांडरने उत्तरासोबत बंदुकीची गोळी धाडली. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूने वेढा फोडायचा प्रयत्न केला आणि तो मराठ्यांच्या मोर्चांवर आदळून संपला. तेव्हा विशीतले असलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत आणि अनेक घरांत नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडायला जातात. लढाईचा नकाशा पुस्तकात सापडेल, पदकाच्या कडेवरचा नंबर भिंगाने वाचता येईल, मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात अर्जही करता येईल. पण त्या रात्री कंपनी कुठली होती, शेजारच्या खंदकात कोण होतं, काय खाल्लं होतं आणि घरी पहिलं पत्र कधी लिहिलं, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू करून या दिवाळीच्या सुट्टीतच त्यांना ते विचारायला हवं.