गंज चढतो काम थांबल्यावर

मानवत परिसरातील काळ्या जमिनीत कपाशीची खुरपणी झाली, की खुरपी आणि विळे बहुधा मातीसकट ओसरीच्या कोपऱ्यात पडतात. पावसाळ्यात दोन-चार दिवसांतच पात्यावर तांबूस थर दिसू लागतो. वापरात असलेली वखराची पास मातीवर घासून चकचकीत राहते. काम थांबले की तीच गंजू लागते.

गंज चढण्यासाठी लोखंडाला पाणी आणि हवेतील ऑक्सिजन दोन्ही लागतात. काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे पात्याला चिकटलेले ढेकूळ ओल्या फडक्यासारखे काम करते. खतातील क्षार ही क्रिया आणखी वेगवान करतात. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड तर लोखंडाचा शत्रूच. म्हणून अवजारे खताच्या पोत्यांजवळ ठेवू नयेत.

ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर घट्ट बसून धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, फुगतो आणि खपली होऊन गळतो. खालचे कोरे लोखंड उघडे पडते व गंज आणखी आत शिरतो.

उपाय साधा आहे. काम संपताच माती खरवडावी, पाते धुऊन कोरडे पुसावे आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. काही महिने ठेवायचे असेल तर ग्रीस लावावे. जवसाचे तेल हवेत सुकून चिवट पटल धरते. ते लाकडी दांड्यालाही चालते. मात्र या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

वर्कशॉपमध्ये पाने, पकडी फरशीवर न ठेवता भिंतीला टांगाव्यात. गार धातूवर दमट हवेतील बाष्प साचते. ओले पोते झाकण म्हणून कधीही वापरू नये. लेथ मशीनच्या उघड्या पृष्ठभागावर रोज तेल, तर लोखंडी टेबलाच्या पायांना गंज काढून रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा. चढलेला गंज तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने निघतो. घासताना चष्मा आणि तोंडाला रुमाल हवा.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. गंजून बोथट झालेल्या विळ्याला जोर जास्त लावावा लागतो, तो घसरतो आणि हात कापतो. गंजामुळेच धनुर्वात होतो, हा समज चुकीचा आहे. त्याचे जिवाणू माती आणि शेणात असतात. खोल जखमेत ऑक्सिजन कमी असल्याने ते वाढतात. म्हणजे चकचकीत पण मातीने माखलेल्या विळ्याची जखमही तितकीच धोक्याची. जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. लहानपणी घेतलेली लस आयुष्यभर पुरत नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

अवजार धुऊन, पुसून, तेल लावून खुंटीला टांगायला पाच मिनिटे पुरतात. पुढच्या हंगामात त्याला धारही कमी वेळा लावावी लागते.