घोट्याला वजन, भिंतीला दांडा

कोची (जपान) : केरळातलं नव्हे, शिकोकू बेटावरचं कोची. हा जपानमधल्या सर्वांत म्हाताऱ्या प्रांतांपैकी एक. तरुण पोरं तोक्यो-ओसाकाला आणि आईवडील मागे, हे चित्र कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

इथल्या महापालिकेने 2002 मध्ये एक व्यायाम तयार केला, ‘इकिइकि ह्याकुसाई ताइसो’. शंभरीपर्यंत टवटवीत राहण्याचा, असं समजा. वस्तीतल्या सभागृहात आजी-आजोबा खुर्च्यांवर बसतात आणि मनगटाला, घोट्याला पट्टे बांधतात. पट्ट्यात छोट्या सळ्या सरकवून वजन 2.2 किलोपर्यंत वाढवता येतं. मग संथ मोजणीवर हात वर, पाय सरळ, खुर्चीतून उठणं, बसणं. आठवड्यातून एकदा-दोनदा, एवढंच. नव्वदीच्या आजींच्या पायाला वजन बांधा म्हटलं, तर आपल्याकडे मुलगा-सून अंगावर धावून येतील. ‘आता तुम्ही फक्त आराम करा’ हीच आपली माया. पण मांडीतली ताकद गेली की पाऊल नीट उचललं जात नाही, आणि पडायला सतरंजीची कडही पुरते. कोचीचा हा व्यायाम पुढे देशभर पसरला.

घराचं काय? जुन्या जपानी घरात शिरताना बूट काढून पायरी चढायची, खोल्यांमध्ये सरकत्या दारांच्या उंच पट्ट्या, न्हाणीघरात खोल टब. 2000 पासून इथे शुश्रूषा विमा आहे. चाळिशीपासून हप्ता सक्तीचा. आधाराचे दांडे, पायऱ्या काढणं, न घसरणारी फरशी, उकिडवं बसायच्या संडासाऐवजी कमोड अशा कामांना त्यातून 2 लाख येनांपर्यंतचा खर्च मंजूर होतो. बहुतेकांना त्यातला फक्त एक दशांश स्वतः भरावा लागतो.

गोम अशी, की अर्जदाराला आधाराची गरज आहे हे आधी पालिकेने तपासून ठरवावं लागतं. खुबा मोडलेल्या आजोबांना विम्यातून दांडा मिळतो, शेजारच्या अजून न पडलेल्या आजोबांना नाही. मला हे उलटंच वाटतं.

दांड्याची उंची साधारणपणे माणसाला उभं करून, मनगट कुठे येतं ते बघून ठरवतात. नवरा उंच, बायको ठेंगणी असली की पंचाईत. स्टेशनांच्या जिन्यांवर मात्र एकाखाली एक असे दोन दांडे सर्रास दिसतात.