गिलावा का सुटतो?

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधताना माणसाची कशी दमछाक होते ते या म्हणीत आले. परंतु बांधलेले घर पुढे पन्नास पावसाळे उभे ठेवताना काय होते, ते आले नाही. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या कामाविषयी आहे. वार्षिकाच्या पानांवर हा विषय काहींना रुक्ष वाटेल. पण आपल्यापैकी अनेक जण चिऱ्याच्या कौलारू घरातून महाविद्यालयात येतात, आणि त्यांच्या घरी दर जूनमध्ये ओल्या भिंतीकडे पाहून कोणीतरी उसासा टाकतेच. त्यांच्यासाठी हा खटाटोप.

आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, मातीत रचलेले. बाहेरून चुन्याचा जुना गिलावा होता. पाच वर्षांपूर्वी वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर तैलरंग दिला. घर पक्के दिसू लागले. तिसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. चौथ्या पावसाळ्यात एका रात्री दाराएवढा गिलावा मागील दारी कोसळला. दिवसा त्याच जागी आजी सुपाऱ्या सोलायला बसते. वडिलांनी गवंड्याला दोष दिला, गवंड्याने वाळूला आणि शेजाऱ्यांनी आमच्या काटकसरीला. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. मग दोष कोणाचा, हे शोधण्याची गरज मला वाटू लागली.

प्रथम दगडाची ओळख करून घेऊ. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून तो सहज तासता येतो; हवा लागल्यावर तो कठीण होतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील या दगडाचे वर्णन करताना त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. ‘लॅटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. हा दगड सच्छिद्र आहे. कोकणात वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि नैर्ऋत्येचा वारा त्याची झड नेमकी पश्चिम व दक्षिण भिंतींवर मारतो. अशी भिंत पाणी पिणारच. पावसाळ्यानंतर तिने प्यालेले पाणी बाहेर टाकले पाहिजे, एवढीच अपेक्षा असते.

येथे चुना आणि सिमेंट यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व चुनकळी उरते. ती पाण्यात विरवून भिंतीवर लावली की हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून ती पुन्हा दगडासारखी होते. शाळेत विज्ञानाच्या तासाला आपण हे समीकरण घोकले. आपल्याच भिंतीवर ते घडत होते, हे मात्र ध्यानात आले नव्हते. चुन्याच्या गिलाव्यातून वाफ जाऊ शकते. सिमेंटचा गिलावा अधिक घट्ट व ताठर असतो, आणि त्यावर तैलरंग दिला म्हणजे भिंतीचे तोंडच बंद होते. आत शिरलेले पाणी मागे साचते. त्यातील क्षार सुकताना स्फटिक होऊन फुगतात, यालाच आपण लोणा म्हणतो. चिऱ्यांमधली माती भिजते, गिलाव्याची पकड सुटते. सिमेंट वाईट आहे असा याचा अर्थ नाही. काँक्रीटच्या नव्या इमारतीत ते योग्यच आहे. मातीत रचलेल्या सच्छिद्र भिंतीवर त्याची जागा चुकली.

आता पाणी शिरले कोठून? ओल जोत्यापासून गुडघा-कमरेपर्यंत चढलेली असेल व तिच्या कडेला पांढरी रेघ असेल, तर पाणी जमिनीतून येते. डाग वरून खाली ओघळलेले असतील तर दोष वळचणीत किंवा कौलांत असतो. ओल भिंतीतील की हवेतील, अशी शंका आल्यास प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा चारी कडा बंद करून भिंतीला चिकटवावा. दोन दिवसांनी आतल्या बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीची. आमच्याकडे गिलावा खालून सुटला, पण वाशांची टोके झाकणारी लाकडी फळी वर सैल झाली होती. तिच्या मागून झडीचे पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरत होते. चार वर्षे सर्वांनी गिलाव्याकडे पाहिले, फळीकडे कोणी पाहिले नाही.

म्हणून दुरुस्ती नेहमी वरून खाली करावी. आधी फुटकी कौले बदलावीत. मग फळी पूर्ण उतरवून तिची मागची बाजू तपासावी. टोचा सहज आत गेला तर तेथे लाकूड कुजले आहे. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा, आणि सांध्याचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवावा. काजूच्या टरफलांचे तेल मागील बाजूस व कापलेल्या टोकांवरही लावावे. गंजलेले खिळे फुगून लाकूड फोडतात, म्हणून जस्ताचा मुलामा असलेले स्क्रू वापरावेत. फळी व भिंत यांमध्ये अर्धा इंच जागा मोकळी सोडावी.

नंतर भिंत. थापीच्या मुठीने ठोकत जावे. जेथे बद्द आवाज येतो तेथे कोळशाने खूण करावी आणि खुणेच्या पलीकडे वीतभर गिलावा काढावा. लोणा कोरड्या कुंच्याने झाडावा. तो धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. दिवाळीपासून भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी. जाड भिंतीला काही महिने लागतात. माघ-फाल्गुनात सांधे खरवडून, भिंतीवर पाणी शिंपडून, एक भाग चुना व तीन भाग वाळू यांचे पातळ थर द्यावेत. वाळू खाडीची नको, तिच्यात मीठ असते. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाने झाकून सावकाश सुकू द्यावा. चुना विरवताना चुनकळी पाण्यात टाकावी, चुनकळीवर पाणी ओतू नये. ती उसळून डोळे भाजतात. शेवटी तैलरंगाऐवजी चुन्याची सफेदी द्यावी. जोत्यालगतची माती खाली उतरवून पागोळ्यांचे पाणी दूर जाईल असा उतार द्यावा.

गेल्या फाल्गुनात आम्ही हे सर्व केले. गवंडी तेच होते. त्यांना दुसऱ्यांदा बोलावताना वडिलांना थोडा संकोच वाटला, आणि येताना त्यांनाही. चुना कालवता कालवता ते म्हणाले, “माझ्या बापाला हे ठाऊक होतं. लोक सिमेंट मागायला लागले, म्हणून मी सोडून दिलं.” आजी म्हणाली, “पूर्वी आम्ही पावसाआधी या भिंतीला झाप बांधायचो. पक्कं घर झालं म्हणून तेही सोडलं.”

भिंत पाणी पिते हे आमच्या आजीला माहीत होते, आणि कारण मला पुस्तकात सापडले. ही दोन्ही माणसे एका घरात राहत असून चार वर्षे एकमेकांशी याविषयी बोलली नाहीत. यंदा ज्येष्ठ लागण्यापूर्वी झापही बांधले. पावसाळा गेला. पश्चिमेची भिंत जागोजागी ओली झाली आणि दसऱ्यापासून पुन्हा उजळत चालली आहे. आजी आपल्या जागेवर सुपाऱ्या सोलीत बसते.