पडद्यावरचा ऑपेरा

लंडनच्या ईस्ट फिंचली भागातील फीनिक्स हे १९१० साली बांधलेले चित्रपटगृह कोणत्याही मोठ्या कंपनीच्या साखळीत सामील नसून १९८५ पासून त्याचा कारभार एका विश्वस्त संस्थेकडे आहे. आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात शनिवारी दुपारी एकचा खेळ सुरू होतो, तेव्हा येथे संध्याकाळचे सहा वाजलेले असल्यामुळे, त्याच्या जुन्या कमानदार छताखाली तोच प्रयोग थेट प्रक्षेपणाने त्याच क्षणी पडद्यावर पाहता येतो. या प्रक्षेपणांचा आरंभ ३० डिसेंबर २००६ रोजी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ने झाला.

मेट्रोपोलिटनच्या सुमारे ३,८०० आसनांच्या प्रेक्षागारात गायक ध्वनिवर्धकावाचून गातो. आपल्या संगीत नाटकमंडळ्यांचे नटही एके काळी पिटातल्या शेवटच्या रसिकापर्यंत असाच आवाज पोहोचवीत, म्हणून दमसास म्हणजे काय हे मराठी श्रोत्याला निराळे सांगावे लागत नाही. परंतु तारस्वर लावण्यापूर्वी बरगड्या कशा फुलतात, मानेची शीर कशी ताठते आणि टोपाच्या कडेशी घाम कसा जमतो, हे कॅमेरा जितके जवळून दाखवितो तितके तेथल्या पहिल्या रांगेतूनही दिसत नसेल. मात्र आवाजाचे आकारमान येथे हरवते, कारण विशाल कंठ आणि नाजूक कंठ हे दोन्ही ध्वनियंत्रकाच्या हातून जवळजवळ एकाच मापाचे होऊन येतात.

माझी खरी तक्रार निराळी आहे. व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’च्या तिसऱ्या अंकात खाणावळीच्या आत ड्यूक मादालेनाची मनधरणी करीत असतो, बाहेर अंधारात जिल्दा आपल्या पित्यासह ते पाहत असते, आणि लालसा, थट्टा, हृदयभंग व सूड हे चारही भाव एकाच वेळी, एकमेकांत मिसळून गायिले जातात. अशा वेळी चित्रण करणाऱ्याने एकच मुखडा पडदाभर आणला, तर कान चौघांना ऐकत असतात आणि डोळ्यांना तिघे पारखे होतात. भिंतीच्या दोन्ही बाजू एका दृष्टिक्षेपात दिसाव्यात म्हणूनच तर तो प्रवेश तसा रचलेला आहे.

मध्यंतरात कॅमेरा पडद्यामागे जातो. सुतार आणि हमाल मिळून खाणावळीची अख्खी भिंत ढकलीत नेतात, धाप न ओसरलेली गायिका मुलाखतीला उभी राहते, आणि चहाला उठू पाहणारी ईस्ट फिंचलीतील माणसे पुन्हा खुर्चीत बसतात.